रथी आणि रथकार

नीतिशास्त्राचे प्रश्न नेहमीं भारदस्त वेषांतच येतात असा आपला एक समज झालेला आहे. सत्य बोलून मित्राचा घात करावा कीं असत्य बोलून त्याला वांचवावें, राजाची आज्ञा श्रेष्ठ कीं विवेकाची आज्ञा श्रेष्ठ, असल्या प्रश्नांना आपण बैठकीवर बसवितों. तेलकट हातांनीं आणि मळकट कपड्यांनीं आलेल्या प्रश्नाला मात्र ओटीच्या खालींच उभा ठेवतों. प्रस्तुत लेखांत अशाच एका तेलकट प्रश्नाला आंत बोलावण्याचा विचार आहे. इंग्लंडांत असा एक वर्ग आहे कीं, जो सुटीच्या दिवशीं सकाळीं घराला लागून असलेल्या अरुंद छपरींत जुन्या दोन-आसनी स्पोर्ट्स मोटारीखालीं उताणा पडून तिचें इंजिन आणि तिचें स्टीअरिंग स्वतःच्या हातानें दुरुस्त करीत असतो. या वर्गांत वकील आहेत, शाळामास्तर आहेत, बँकेंतून निवृत्त झालेले लोक आहेत. धंद्यानें मिस्त्री असा मात्र त्यांत क्वचितच. हौसेला मोल नाहीं असें म्हणून ही गोष्ट सोडून देतां येईल, आणि बहुतेक लोक ती तशीच सोडून देतात. परंतु तिच्या पोटांत जो प्रश्न आहे तो हौसेचा नव्हे. ज्या कामांतील चुकीचा दंड तिऱ्हाइताला भरावा लागण्याचा संभव आहे, तें काम केवळ वस्तु आपली आहे एवढ्याच हक्कावर मनुष्यानें हातीं घ्यावें काय?

चर्चा हवेंत राहूं नये म्हणून एक गाडी समोर ठेवूं. ऑस्टिन-हीली स्प्राइट ही गाडी १९५८ च्या मे महिन्यांत मोंटे कार्लो येथें प्रथम लोकांपुढें आली. डोनल्ड हीली यांच्या मंडळीनें तिची आंखणी केली होती आणि ॲबिंग्डन येथील एम. जी. च्या कारखान्यांत ती जुळविली जात असे. तरुण आणि बेताच्या मिळकतीच्या माणसाला परवडावी म्हणून ती मुद्दाम स्वस्त केलेली होती. इंजिन घरगुती ऑस्टिन गाडीचें, ९४८ घन सेंटिमीटरचें, ताकद अवघी ४३ अश्वशक्ति. स्टीअरिंग मॉरिस मायनर गाडीचें. पुढच्या चाकांची सांधणी ऑस्टिन ए-३५ ची. दारांना बाहेरून मुठी नाहींत, मागच्या सामानाच्या जागेला झांकण नाहीं. दिवे मिटतील असे करावयाचे होते. खर्च वांचविण्यासाठीं ते बॉनेटवर तसेच उघडे बसविले, आणि गाडीला बेडकाच्या डोळ्यांची म्हणून जें नांव पडलें तें कायमचें. पुढचा सारा पत्रा एकसंध असून मगरीच्या जबड्याप्रमाणें वर उचलला जातो, व मग इंजिनाजवळ माणूस सरळ उभा राहूं शकतो. हा शेवटचा गुण माझ्या विषयाला महत्त्वाचा आहे. पहिल्या स्वरूपांतल्या सुमारें ४९ हजार स्प्राइट १९६१ पर्यंत बाहेर पडल्या, आणि आपलें पोट उघडून दाखवावयाला त्या जणूं उत्सुकच असत.

या गाडीवरच पहिलें हेन्स पुस्तक लिहिलें गेलें, हा योगायोग नव्हे. जॉन हेन्स हा सिलोनांत जन्मलेला इंग्रज. शाळेंत असतांनाच त्यानें जुन्या ऑस्टिन सेव्हनची मोडतोड करून नवी गाडी बनविली आणि ती कशी बनविली याची एक पुस्तिकाहि काढली. पुढें विमानदलांत असतांना १९६५ च्या सुमारास एडन येथें एका सहकाऱ्याची बेडूकडोळी स्प्राइट त्यानें उघडून पुन्हां जुळविली, पायरीपायरीचीं छायाचित्रें घेतलीं, आणि १९६६ सालीं स्प्राइटचें मार्गदर्शक पुस्तक बाहेर पडलें. पहिल्या तीन हजार प्रती तीन महिन्यांच्या आंत संपल्या. कारखान्यांनीं पूर्वीं पुस्तकें छापलीं नव्हतीं असें नाहीं. पण तीं मिस्त्र्यासाठीं असत, आणि मिस्त्र्याला काय येतें हें तीं गृहीत धरीत. हेन्सनें तसें कांहींच गृहीत धरलें नाहीं. गाडी खरोखर उघडणें, खरोखर जुळविणें, आणि जेथें बोटें अडकलीं तेथें तसें लिहिणें, अशी त्याची पद्धत होती. तिनें ज्ञानाचें एक कुलूप उघडलें.

आतां इंजिनाकडे वळूं. पैसे वांचतात म्हणून लोक हें काम करतात, हा युक्तिवाद मी विचारांतच घेत नाहीं. ज्यानें असल्या गाडीचा जमाखर्च ठेवला आहे त्याला तो ऐकून हंसूं येईल. खरें आकर्षण निराळें आहे. स्प्राइटला एस. यू. जातीचे दोन कार्बुरेटर असतात. इंजिनाच्या ओढीनें आंतला दट्ट्या वर उचलला जातो, त्याला लावलेली निमुळती सुई पेट्रोलच्या तोंडांतून वर सरकते, आणि हवा जितकी अधिक तितकें पेट्रोल अधिक मिळतें. हे दोघे एकाच मापानें श्वास घेतात कीं नाहीं हें पाहण्याची जुनी रीत अशी: रबरी नळीचें एक टोक कानाला लावावें, दुसरें एका कार्बुरेटरच्या तोंडाशीं धरावें, मग दुसऱ्याच्या, आणि दोन्ही सुसकाऱ्यांचा स्वर एक होईपर्यंत स्क्रू फिरवावा. मिश्रण बरोबर आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं दट्ट्या किंचित् वर उचलावा. इंजिनाची गति वाढून वाढलेलीच राहिली तर पेट्रोल जास्त आहे; इंजिन अडखळलें तर कमी आहे; क्षणभर वाढून पुन्हां ठिकाणावर आली तर सारें ठीक आहे. आठ व्हॉल्व्हांच्या फटी बसवितांनाहि असाच एक गमतीचा नियम आहे, नऊचा. पहिला व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असेल तेव्हां आठव्याची फट मोजावी, तिसरा उघडा असेल तेव्हां सहाव्याची. बेरीज नेहमीं नऊ. फट इंचाच्या हजाराव्या बारा भागांएवढी. पातळ पट्टी आंत सरकवितांना तिला जो हलकासा अडथळा जाणवावयाला हवा, तो किती हलका, हें कोणत्याहि पुस्तकाला सांगतां आलेलें नाहीं.

हें ज्ञान कोणत्या जातीचें? प्लेटोनें आपल्या 'रिपब्लिक' ग्रंथाच्या दहाव्या भागांत प्रत्येक वस्तूशीं निगडित अशा तीन कला सांगितल्या आहेत: वापरण्याची, बनविण्याची आणि नक्कल करण्याची. लगाम चांभार आणि लोहार बनवितात, चितारी त्याचें चित्र काढतो. पण लगाम कसा असावा हें खरें जाणतो तो घोडेस्वारच, कारण तो तो वापरतो. बनविणाऱ्यानें त्याचें ऐकावें, असा प्लेटोचा निर्णय आहे. या विभागणींत मला नेहमीं एक उणीव भासत आली आहे. दुरुस्त करणाऱ्याला तींत जागा नाहीं. बनविणारा वस्तु नवी असतांना पाहतो. वापरणारा ती चालत असतांना पाहतो. पण झिजलेली, रुसलेली, अर्धी मेलेली वस्तु पाहतो तो दुरुस्त करणारा. तिच्या मूळ कल्पनेंत काय चुकलें होतें हें त्याच्याइतकें कोणालाच कळत नाहीं, आणि बनविणाऱ्याला तर बहुधा कधींच कळत नाहीं. जुन्या गाडीचा मालक जेव्हां स्वतःच पान्हा हातीं घेतो तेव्हां वापरणारा आणि दुरुस्त करणारा एक होतात. खड्ड्यावरून जातांना हाताला जी थरथर जाणवली तिचें कारण त्याच हाताला संध्याकाळीं सांपडतें. ज्ञानाची ही परिपूर्णता मला हेवा वाटण्यासारखी वाटते. आणि आमच्याकडे शिकल्यासवरलेल्या वर्गानें पिढ्यान् पिढ्या ती नाकारली याची लाजहि वाटते.

आमच्याकडची गोष्ट निघालीच आहे तर मीमांसकांच्या रथकाराचें स्मरण केल्यावांचून राहवत नाहीं. रथकारानें वर्षाऋतूंत अग्न्याधान करावें असें विधान वेदांत आहे, आणि जैमिनीच्या सूत्रांच्या सहाव्या अध्यायांत त्यावर वाद आहे. रथकार म्हणजे रथ करणारा कोणीहि त्रैवर्णिक, कीं त्या नांवाची एक विशिष्ट जात? शब्दाची फोड पाहतां जो रथ करील तो रथकार. परंतु मीमांसकांनीं निर्णय दिला तो रूढीच्या बाजूनें: शब्दाचा रूढ अर्थ व्युत्पत्तीहून बलवान्, म्हणून रथकार म्हणजे सौधन्वन नांवाची जात. त्या निर्णयानें एका कारागीर जातीला अग्नीचा अधिकार मिळाला, ही त्याची उजळ बाजू विसरूं नये. पण त्याच निर्णयाचा दुसरा अर्थ असा कीं, हातानें रथ घडविणारा ब्राह्मण वा वैश्य हा रथकार नव्हे. कर्मावरून नांव नाहीं, नांवावरून कर्म. आज आपण हा वाद नव्या शब्दांत घालतों. मिस्त्री कोण? ज्याच्या भिंतीवर प्रमाणपत्र लटकतें तो, कीं ज्याला काम येतें तो? सुधारक प्रवृत्तीचा मनुष्य तत्काळ म्हणेल, ज्याला येतें तो. माझीहि प्रवृत्ति तशीच आहे. पण स्टीअरिंगपाशीं येऊन ही प्रवृत्ति थबकते.

आमच्या महाविद्यालयांत आगरकरांच्या काळापासून वाचला गेलेला मिल्ल येथें प्रथम उपयोगीं पडतो. १८५९ सालच्या त्याच्या स्वातंत्र्यावरील निबंधाचें सूत्र ठाऊक आहेच: जें कृत्य कर्त्यापुरतेंच आहे तेथें समाजानें आड येऊं नये, जें दुसऱ्याला लागतें तेथें यावें. इंजिन हें पहिल्या प्रकारांत बसतें. व्हॉल्व्हाची फट चुकली तर गाडी खडखडेल, व्हॉल्व्ह जळेल, मालकाला पायीं घरीं जावें लागेल. (पेट्रोलची नळी गळली तर आगहि लागेल हें खरें, मिल्लची रेषा जगांत कोठेंच सरळ ओढतां येत नाहीं.) इंजिनाच्या चुकीला एक प्रामाणिकपणा असतो. ती आवाज करते, धूर काढते, प्लगावर काळा थर देऊन आपली साक्ष ठेवते, आणि दंड करते तो चूक करणाऱ्यालाच. शिकण्याला याहून चांगला गुरु नाहीं.

स्टीअरिंगची चूक मुकी असते. चालकाच्या हातांतलें चक्र फिरलें म्हणजे दांड्याच्या टोकाचें लहान दातेरी चाक एका दातेरी पट्टीला डावीकडे-उजवीकडे सरकवितें. पट्टीच्या दोन्ही टोकांना टाय रॉड. प्रत्येक टाय रॉडच्या टोकाला गोळ्याचा सांधा. त्या सांध्याची निमुळती खुंटी चाकाला वळविणाऱ्या भुजेंत घट्ट बसते, आणि तिला धरून ठेवतो एक नट. सारी रचना हीच. खुंटी सोडवितांना भुजेच्या कड्यावर दोन बाजूंनीं एकाच वेळीं हातोड्याचे ठोके घालावे लागतात. जुना सांधा काढतांना किती फेरे झाले हें मोजून नवा तितकेच फेरे देऊन बसवावा लागतो, नाहीं तर पुढचीं दोन चाकें एकमेकांशीं भांडूं लागतात. किंग पिन झिजली आहे कीं नाहीं हें पाहण्यासाठीं चाक जॅकवर उचलून वर-खालीं धरून हलवावें. खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबावयाला सांगावें. ब्रेक दाबतांच खेळ नाहींसा झाला तर दोष बेअरिंगचा, तरीहि राहिला तर किंग पिनचा. यांतलें कांहींच कठीण नाहीं. कार्बुरेटरच्या मानानें तर हें काम पोरखेळ आहे. परंतु नट पुरा कसला नसेल तर तो आज कांहीं बोलत नाहीं, उद्यां बोलत नाहीं. आणि बोलतो तेव्हां समोरून कोण येत आहे हें तो विचारीत नाहीं. येथें काम सोपें आणि चूक भयंकर. तेथें काम कठीण आणि चूक क्षम्य. कौशल्य आणि जबाबदारी हीं बरोबरीनें वाढतात असें जें आपण मानतों तें येथें खोटें ठरतें.

माझे एक बालमित्र तीस वर्षांवर इंग्लंडांत आहेत व १९५९ सालची स्प्राइट बाळगून आहेत. त्यांच्या घरीं हा विषय निघाला असतां त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "भावोजी, ह्यांनीं इंजिन उघडलं तर मी चहा करून देते. पण स्टीअरिंग उघडलं, तर दुसऱ्या कुणीं पाहिल्याशिवाय मी त्या गाडींत बसत नाहीं."

"म्हणजे यांच्या हातावर आपला विश्वास नाहीं?" मीं विचारलें.

"हातावर आहे. डोळ्यांवर नाहीं. आपलंच काम तपासतांना ह्यांचे डोळे मऊ होतात. आणि मी बसेन कीं नाहीं हा तर माझा प्रश्न झाला. समोरून सायकलीवर येणाऱ्या पोरानं काय पाप केलं आहे?"

ॲरिस्टॉटलच्या वाचकाला या उत्तरांत ओळखीचा सूर ऐकूं येईल. 'फिजिक्स' ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत तो म्हणतो कीं, एखादा वैद्य स्वतःलाच बरा करूं शकेल. पण तो रोगी आहे म्हणून त्याच्यापाशीं वैद्यक नसतें, एकाच मनुष्यांत दोन्ही येणें हा केवळ योग. त्याला तेथें निसर्ग आणि कला यांतला भेद दाखवावयाचा होता. मला त्यांतून निराळीच गोष्ट दिसते. ज्याला दुखतें आहे त्यालाच नाडी पाहावयाची असेल तर नाडींतील अप्रिय ठोका ऐकण्याची त्याची तयारी किती? दिवसभर गारठ्यांत पाठीवर पडून, बोटें सोलून घेऊन, जो मनुष्य संध्याकाळीं उठून उभा राहतो त्याला सर्व ठीक आहे असेंच वाटावयाचें असतें. हा लबाडीचा दोष नव्हे; श्रमाचा दोष आहे. मीं पाहिलें आहे कीं परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत हुशार मुलांच्या चुका बहुधा फेरतपासणींतहि तशाच राहतात, कारण तें वाक्य काय असावें हें डोळ्याला आधींच ठाऊक असतें.

यावर मालकांचें उत्तर आहे आणि तें हलकें नाहीं. पैसे देऊन आणलेला मिस्त्रीहि मनुष्यच. त्याला दिवसांत पांच गाड्या उरकावयाच्या असतात. त्याच्या बायकोला त्या गाडींत बसावयाचें नसतें. पैसे देऊन आपण श्रम विकत घेतों, जबाबदारी विकून टाकूं शकत नाहीं. तुटलेल्या सांध्याचा जाब रस्त्यावर चालकालाच द्यावा लागतो. तेव्हां जो जाब देणार त्यानेंच नट कसावा हें अधिक प्रामाणिक नाहीं काय? या युक्तिवादाचा पूर्वार्ध मला मान्य आहे. उत्तरार्धांत मात्र एक चोरपाऊल आहे. जाब देणारा एक असावा येथपर्यंत ठीक. पण जाब देणारा आणि जाब घेणाराहि एकच असावा हें त्यांतून निघत नाहीं. काम स्वतः करण्याचा हक्क आणि तें पुरें झालें असें स्वतःच ठरविण्याचा हक्क हे दोन हक्क आहेत. पहिला मी मालकाला मोकळ्या मनानें देईन. प्रमाणपत्र नसलें तरी देईन. दुसरा, जेथें तिऱ्हाइताचा जीव आहे तेथें, प्रमाणपत्र असलेल्यालाहि देणार नाहीं. स्वावलंबनाचे जे गोडवे आपण गातों त्यांत हा दुसरा हक्क हळूच मिसळून दिलेला असतो, आणि म्हणूनच पुष्कळ स्वावलंबी माणसें शेजाऱ्यांना जड जातात.

आश्चर्य हें कीं, इंग्लंडच्या कायद्यानें नेमकें उलट केलें आहे. मोटारींची सक्तीची तपासणी तेथें १९६० सालीं सुरू झाली. आरंभीं दहा वर्षांवरील गाड्यांना, १९६७ पासून तीन वर्षांवरील गाड्यांना. म्हणजे गाडी जितकी जुनी तितका तिच्यावर डोळा अधिक, हें तत्त्व. पण नोव्हेंबर २०१२ मध्यें १९६० पूर्वींच्या गाड्यांना या वार्षिक तपासणींतून सूट मिळाली, आणि २० मे २०१८ पासून ज्यांत मोठे फेरबदल झालेले नाहींत अशा चाळीस वर्षांवरील सर्व गाड्यांना ती मिळाली. अशा गाड्या थोड्या चालतात आणि मालक त्यांची निगा चांगली राखतात, हें त्याचें समर्थन. तें बहुतांशीं खरेंहि असेल. गाडी धोक्याच्या स्थितींत रस्त्यावर आणणें हा गुन्हा मात्र कायमच आहे. सूट मिळाली ती तपासणींतून, कर्तव्यांतून नव्हे. हवी असल्यास मालकाला आपण होऊन गाडी तपासून घेतां येते. कायद्यानें, थोडक्यांत, एका मनुष्याच्या हातीं पान्हाहि दिला आणि न्यायाधीशाचा दंडहि दिला, आणि पुढचें त्याच्या सद्सद्विवेकावर सोंपविलें. माणसाची ही थोरवी आहे कीं त्याच्यावर टाकलेलें ओझें, हें मला ठरवितां आलेलें नाहीं.

माझे मित्र पत्नीच्या आग्रहामुळें दरवर्षीं आपण होऊन तपासणी करून घेतात. कसलेल्या प्रत्येक नटावर ते पिवळ्या रंगाची एक रेघ ओढतात, म्हणजे नट हललेला दिसतो. एकदां काढलेली स्प्लिट पिन पुन्हां कधीं घालीत नाहींत. काम संपल्यावर त्या दिवशीं गाडी बाहेर काढीत नाहींत, दुसऱ्या दिवशीं ताज्या डोळ्यांनीं पुन्हां खालीं शिरतात. आणि मग गाडी गावांतल्या एका तपासनिसाकडे नेतात. गेल्या खेपेस मीहि बरोबर होतों. तपासनीस तिशीच्या आंतला, नम्र, आपल्या कामांत तरबेज. आधुनिक गाडीला संगणकाची तार जोडून तिचे दोष पडद्यावर वाचण्यांत त्याचें सारें शिक्षण गेलेलें. ज्या हेन्स मंडळीनें १९६६ सालीं तें कुलूप उघडलें, तिनेंहि २०२० सालीं नव्या गाड्यांचीं नवीं छापील पुस्तकें काढणें बंद करण्याचें जाहीर केलें. उघडून पाहण्यासारखें आंत फारसें उरलेलें नाहीं. त्यानें स्प्राइट उचलून धरली, दिवा घेऊन खालीं गेला, आणि थोड्या वेळानें बाहेर येऊन माझ्या मित्रांना विचारलें कीं, या चाकाला वळावयाला हा जो खिळ्यासारखा भाग आहे त्याला ग्रीस कोठून देतात, आणि त्यांत खेळ किती असला तर चालतो?

माझे मित्र खालीं वांकले आणि त्याला दाखवूं लागले. एक हात चाकाच्या वर, एक खालीं. असें हलवून पाहा. आतां मी ब्रेक दाबतों, पुन्हां हलवा. तरुणानें दोनतीनदां हलवून पाहिलें, मान डोलावली, आणि कागदावर सर्व ठीक असल्याची खूण केली. त्याच्या डोळ्यांत कृतज्ञता होती. माझ्या मित्रांच्या चेहऱ्यावर समाधान दिसावयाला हवें होतें, पण तें दिसेना. परततांना त्यांनीं गाडी फार हळू चालविली, आणि घरीं येतांच कोट न काढतां ते पुन्हां जॅक शोधावयाला छपरींत गेले.